एकावर एक आलेल्या रेघा

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा खकनारकरांना नवा नाही. वरून चालत गेलो तर दिसतात ती ओळीने मांडलेल्या कुंड्यांची गोल तोंडे. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी गोळा करून शहराकडे नेणारा बोगदा मात्र आपल्या पायाखाली, काही ठिकाणी सुमारे ८० फूट खोल आहे. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तब्कुतुल अर्ज या इराणी भूशास्त्रज्ञाने ही योजना आखली. शंभराहून अधिक कुंड्या या बोगद्याने जोडल्या आहेत. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत तिचे नाव आले, हे आपण वाचले असेलच.

आता या भंडाऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जमीन. रस्ता, बांध, कुंड्यांची तोंडे हे सारे दिसते, म्हणून ते सलग रेघेने काढायचे. बोगदा दिसत नाही, पण आहे; म्हणून तो तुटक रेघेने. उद्या कोणी त्याच शेतात बोअर मारायला निघाला, तर त्याला थांबवणारी तेवढी एक तुटक रेघच असते.

दोन रेघा नेमक्या एकाच जागी आल्या तर? पूर्वीचा ड्राफ्ट्समन ट्रेसिंग कागदावर शाईचे पेन टेकवण्याआधीच त्याचा निर्णय करीत असे. त्याचा क्रम ठरलेला आहे: दिसणारी कड आधी, मग झाकलेली कड, मग छेदाची रेघ, मग मध्यरेषा. वरच्या क्रमाची रेघ काढायची, खालची तिथे सोडून द्यायची. भारतीय मानक ब्यूरोची विद्यार्थ्यांसाठीची पुस्तिकाही हेच सांगते.

संगणक असा विचार करीत नाही. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडसारख्या प्रणालीत जितक्या रेघा ओढाल तितक्या साठतात. दोन खोल्यांची सामाईक भिंत दोनदा उतरते, मोजणीचा जुना नकाशा नव्यावर चिकटवला जातो. पडद्यावर एकच रेघ दिसते. खोड कागदावर उघडी पडते. दोन तुटक रेघा एकाच जागी असल्या आणि त्यांची सुरुवात थोडी मागेपुढे असली, की एकीची फट दुसरीचा तुकडा भरून काढतो. छापून येते ती सलग रेघ, आणि जमिनीखालचा बोगदा उघडा पाट होऊन बसतो!

यावर ‘ओव्हरकिल’ नावाची आज्ञा आहे. ती दुबार रेघा पुसते, अर्धवट चढलेल्या जोडून एक करते. पण जपून. रंग, थर, रेघेचा प्रकार हे सारे जुळले तरच ती दोन रेघांना एक मानते. घाईघाईने ‘थराकडे दुर्लक्ष कर, रेघेच्या प्रकाराकडेही कर’ असे सांगितले, तर रस्त्याच्या कडेखालून जाणारा बोगदा दुबार समजून पुसला जाऊ शकतो. पुसण्यापेक्षा झाकणे मला बरे वाटते. कोणती रेघ वर राहावी हा क्रम बदलता येतो; ‘वाइपआउट’ने कागदाच्या रंगाचे ठिगळ लावून खालचे झाकता येते. बऱ्याच प्लॉटरांच्या मांडणीत आणखी एक निवड असते: रेघा एकमेकींवर आल्या तिथे वरच्या रेघेनेच छापावे, की दोन्ही रंग मिसळावेत.

त्रिमितीय आराखड्याची गोष्ट वेगळी. साध्या खोक्याला १२ कडा असतात. कोपऱ्याकडून पाहिले तर ९ दिसतात, ३ मागे जातात. त्या ३ ओळखून वगळण्याची रीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६३ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात मांडली. इथे ध्यानात घ्यायचे ते असे, की रेघ रेघेला झाकत नाही, पृष्ठभाग झाकतो. नुसत्या तारांचा सांगाडा काढला असेल तर कितीही आज्ञा द्या, मागचे पुढे दिसतच राहणार. पृष्ठभाग असूनही कागदावर मागच्या कडा उमटतात, त्याचे कारण बहुधा छपाईच्या चौकटीत असते. ‘पेपरस्पेसमधल्या वस्तू लपवा’ या खुणेचा संबंध फक्त कागदाच्या मांडणीवर काढलेल्या वस्तूंशी. खिडकीतून, म्हणजे व्ह्यूपोर्टमधून, दिसणाऱ्या आराखड्यासाठी त्या खिडकीच्याच गुणधर्मांत ‘शेड प्लॉट’पुढे ‘हिडन’ निवडावे लागते.

आम्हा डॉक्टरांना हा घोळ ओळखीचा आहे. छातीच्या एक्स-रेत बरगड्या, हृदय, फुप्फुस सारे एकाच फिल्मवर एकावर एक येते. तिथे काही झाकता येत नाही, म्हणून गरज पडली की बाजूनेही एक फिल्म काढतात. कुंडी भंडाऱ्यालाही वरच्या नकाशाबरोबर उभा छेद हवाच. खोली त्याच्याशिवाय कळत नाही.

घर बांधताना इंजिनिअर नकाशाची गुंडाळी आणून देतील, तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर पसरा. पाण्याची भूमिगत टाकी, सांडपाण्याचा पाइप, शोषखड्डा यांच्या तुटक रेघा बोटाने शेवटपर्यंत धरा. एखादी भिंतीपाशी येऊन नाहीशी झाली किंवा मध्येच सलग झाली, तर सही करण्याआधी तो थर वेगळ्या कागदावर छापून मागा.