आधी गाडी, मग घर

डोंबिवलीत भाड्याचं घर दाखवताना एजंटचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "स्टेशनपासून पाच मिनिटं." ती पाच मिनिटं पायांची की रिक्षाची, हे लगेच विचारून घ्यावं. भाचीला साकीनाक्याला नोकरी लागली आणि तिच्यासाठी घर शोधायला मी सोबत निघाले, तेव्हा मी तिला हेच सांगितलं होतं. त्याहीआधी सांगितलं, की घरं नंतर बघू, आधी गाड्या बघू.

साकीनाका म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि मध्य रेल्वेच्या माणसाला अंधेरीच्या बाजूची नोकरी झेपू लागली. तेव्हा आमचा प्रश्न सोपा होता. घाटकोपरला जाणाऱ्या गाडीत सकाळी आत शिरून धड उभं राहता येईल, असं परवडणारं स्टेशन कुठलं?

ठाण्याचं भाडं तिच्या पगारात बसत नव्हतं. बदलापूर स्वस्त, पण सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. मधे उरलं ५४ किलोमीटरवरचं कल्याण, ४८ वरची डोंबिवली आणि त्या दोहोंमधली ठाकुर्ली. नकाशावर ठाकुर्ली फार मोहात पाडते. नव्वद फुटी रस्त्यालगत नव्या इमारती, लिफ्ट, मोकळा वारा. पण जलद लोकल तिथे थांबत नाही. रोजच्या प्रवासात ही एक गोष्ट बाकीच्या सगळ्या सोयींना भारी पडते. पलावासारख्या वसाहतींच्या पत्त्यातही डोंबिवली असते, पण स्टेशन गाठायला आधी कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी पार करावी लागते. तो पर्याय आम्ही तिथेच सोडला.

मग कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, डोंबिवलीच्या फलाटावर जाऊन उभ्या राहिलो. माझ्या मते ही घर शोधण्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात. रविवारी दुपारी घर बघायला येतात, रिकामा पूल चढतात आणि स्टेशन जवळ आहे म्हणून खूश होतात. आम्ही बघितलं ते असं: कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या जलद गाड्या आधीच भरलेल्या असतात. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकल मोजक्या आहेत, आणि त्या धरण्यासाठी बायका आधीपासून डब्याच्या खुणेपाशी उभ्या असतात. त्यांच्यातल्या एकीने भाचीला आपणहून सांगितलं, "घाटकोपरला उतरायचंय ना? मग ठाणं गेलं की दाराकडे सरकायला लाग. आणि फलाट कुठल्या बाजूला येतो ते पाठ कर." एवढी कामाची माहिती कुठल्याही एजंटने दिली नव्हती.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. तेव्हापासून दारात लटकलेलं कुणी दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून गाडी सुटण्याची वेळ आणि घराचं भाडं आम्ही एकाच कागदावर लिहीत होतो.

संध्याकाळी दुसरी फेरी. गर्दीबरोबर उतरायचं, पूल चढायचा आणि बघितलेल्या घराच्या दारापर्यंत जायचं. पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी भागातलं एक घर मला मनापासून आवडलं होतं: झाडं, शांतता, ऐसपैस खोल्या. पण तिथे जायला शेअर रिक्षाची रांग, आणि पावसात ती रांग किती वाढते ते तिथल्याच बायकांनी सांगितलं. शिवाय रासायनिक कारखाने जवळ. २०१६ आणि २०२४ साली तिथे झालेले स्फोट गावातलं कुणी विसरलेलं नाही.

शेवटी पश्चिमेला एक वन आरके मिळालं. इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पण वाट सरळ, दुकानं उशिरापर्यंत उघडी, रस्त्यावर दिवे. पाणी किती वाजता येतं, कुठल्या वारी येत नाही, हे मालकाला न विचारता तळमजल्यावरच्या आजींना विचारलं. भाडं ठाकुर्लीपेक्षा थोडं जास्त पडलं. रोजची रिक्षा वाचते ती धरली तर हिशेब जुळतो.

करार अकरा महिन्यांचा. एजंटला एक महिन्याचं भाडं, डिपॉझिट वेगळं, सोसायटीची एनओसी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती. मालक म्हणाले, "नोंदणी कशाला, साध्या कागदावर करू." तिथे मी अडून बसले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. एकट्या मुलीने तर याबाबतीत कुणाच्याही भिडेला पडू नये. नोंदणी झाली.

भाचीने आता डोंबिवली-घाटकोपरचा पास काढला आहे. सकाळी ती डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी धरते. संध्याकाळी जलद गाडीच्या मागे लागत नाही. घाटकोपरला धीमी लोकल घेते. वेळ जास्त जातो, पण ठाण्याला बऱ्याच जणी उतरतात आणि बहुधा बसायला मिळतं.