आंबिल ओढ्याची हद्द

शहराला रस्ते लागतात, घरे लागतात, बाजार लागतो, हे कुणाला सांगावे लागत नाही. त्याला टेकडी लागते, ओढा लागतो, पाणी जिरवणारी मोकळी माती लागते, हे मात्र वारंवार सांगावे लागते. आणि सांगूनही ते पुष्कळदा अतिवृष्टीनंतरच पटते. याचे कारण साधे आहे. प्लॉटला मालक असतो, ओढ्याला तो नसतो. म्हणून ज्याला जशी संधी मिळेल तसा तो ओढ्याकडे हातभर सरकतो. शहर आपल्या हिरव्या जागा आणि पाण्याच्या वाटा कशा राखते, त्यासाठी कोणत्या रेषा आखते आणि त्या रेषा कुठे पुसट होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरण म्हणून आपल्या पुण्याचा आंबिल ओढा घेतला आहे. त्याचा इतिहास जुना आहे आणि तो आमच्या दारावरून वाहतो, ही त्याची दोन कारणे.

पेशवाईतील पाणीव्यवस्था

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. तेथून पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर असा पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेस मिळतो. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला बांध घालून तळी केली गेली. तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणले. या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून हवा खेळे. त्याच सुमारास पूर्वी गावाच्या बाजूने वाहणारा हा ओढा वळवण्यात आला आणि पर्वतीच्या पायथ्याशी पाणी अडवून मोठे तळे करण्यात आले. तळ्यातल्या बेटावरचा गणपती तो 'तळ्यातला गणपती'. तळे पुढे नाहीसे झाले. आज त्या जागी सारसबाग आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. पेशव्यांनीही ओढ्याला हात लावला होता. तो जसा होता तसा त्यांनी ठेवला नाही. पण वरच्या डोंगरापासून खालच्या नदीपर्यंत सगळा प्रवाह त्यांनी एक म्हणून पाहिला. वर तळी, मध्ये नळ, खाली पुन्हा तळे. ओढा वळवला, तरी पाण्याला थांबायला जागा दिली. आज आपण ओढ्याचे तुकडे पाडून पाहतो: एक पूल, एक सोसायटी, एक वस्ती, एक वॉर्ड.

पावसाचे पाणी कुठे जाते?

भूगोलाच्या तासाला आपण पाणलोट क्षेत्राची व्याख्या पाठ करतो. एखाद्या ओढ्याकडे जेवढ्या जमिनीवरचे पावसाचे पाणी उतरते, तेवढे त्याचे पाणलोट क्षेत्र. या जमिनीवर गवत, झुडपे, माती असेल तर पाऊस आधी पानावर पडतो, मग पालापाचोळ्यात मुरतो, मातीत जिरतो आणि उरलेला हळूहळू ओढ्यात येतो. त्याच जमिनीवर डांबर, फरशी आणि स्लॅब आला की पाणी जिरत नाही. ते सगळे एकदम धावत सुटते. पाऊस तेवढाच, पण ओढ्यात येणारे पाणी अधिक आणि तेही थोड्या वेळात. म्हणजे टेकडी उघडी पडते तेव्हा ओढा रुंद हवा असतो, आणि आपण नेमका तेव्हाच तो अरुंद करतो. काठ सिमेंटने बांधून तळाला काँक्रीट केले तर पाण्याचा वेग वाढतो. वरच्या लोकांची सुटका होते आणि संकट खालच्यांच्या दारी जाते. टेकडी, झाड आणि ओढा हे तीन वेगळे विषय नाहीत, असे म्हणतात ते या अर्थाने.

कायद्याने आखलेल्या रेषा

शहराच्या हाती संरक्षणाची साधने मुळीच नाहीत असे नाही. नदीसाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखतात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोचते ती स्थूलमानाने निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. बाग, क्रीडांगण, शेती असे मोकळे उपयोग चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम अटींवरच करता येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही फुटून पेठा पाण्याखाली गेल्या, हे ज्या शहराने पाहिले आहे त्याला या रेषांचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. तरीही २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतल्या इमारतींत मुठेचे पाणी शिरलेच.

टेकड्यांसाठी आरक्षण असते. महापालिकेत १९९७ साली समाविष्ट झालेल्या गावांपैकी २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचे ठरले आणि २०१५ साली राज्य शासनाने त्यास मान्यता दिली. आता, आरक्षण म्हणजे जमीन शहराच्या ताब्यात आली असे नव्हे. ती पुष्कळशी खाजगी मालकीची असते आणि मालकाला मोबदला द्यावा लागतो. तो रोख देता येतो किंवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने, म्हणजे जो 'टीडीआर' म्हणून ओळखला जातो त्या रूपाने. 'येथे बांधू नका, त्याऐवजी दुसरीकडे बांधण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा अधिकार घ्या' असा हा व्यवहार आहे. मोबदला ठरेपर्यंत वर्षे जातात आणि तेवढ्यात टेकडीच्या पायथ्याशी खोल्या उभ्या राहतात.

झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्र राज्याचा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा म्हणून विशेष संरक्षण मिळाले. मात्र तोडलेल्या वडाच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावली म्हणजे हिशेब पुरा झाला, असे समजणे हे आजोबा गेले म्हणून घरात पाळणा हलवून समाधान मानण्यासारखे आहे.

रेषा कुठे पुसट होते?

नदीची रेषा निदान नकाशावर ठळक असते. ओढ्याच्या वाट्याला तेवढीही ठळकता येत नाही. नियमाप्रमाणे ओढ्याच्या काठापासून काही अंतर मोकळे सोडावे लागते. पण काठ कोणता? भराव टाकून काठच चार हात पुढे सरकवला, तर नियम पाळूनही पात्र अरुंद होते. असे काठ वर्षानुवर्षे सरकत आले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याचा हिशेब झाला. कात्रजच्या बाजूस तुफान पाऊस पडला आणि आंबिल ओढा पात्र सोडून वाहू लागला. सीमाभिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली.

आमचे घर या ओढ्याच्या काठच्या एका वस्तीत आहे. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यास आले. कामापासून जवळ आणि खिशाला परवडेल अशी त्यांना मिळाली ती जागा ओढ्याचीच. कारण चांगली जागा त्यांच्यासाठी कुणी राखून ठेवली नव्हती. त्या रात्री आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. माझी आठवीची पुस्तके माळ्यावर होती म्हणून वाचली, खालचे धान्य गेले. आई ज्या इमारतीत कामाला जाते तिची भिंतही ओढ्याच्या पात्राला खेटून होती. ती पडली आणि पुढे त्याच जागी पुन्हा बांधली गेली. आमच्या घराला कागदोपत्री 'अतिक्रमण' म्हणतात आणि त्या भिंतीला 'संरक्षक भिंत' म्हणतात. पाण्याला हा भेद कळत नाही. दोन्हींनी त्याची वाट सारखीच अडवली आहे.

वस्ती काठावरच राहावी, असे माझे म्हणणे नाही. पुराच्या रात्री लहान भावाला खांद्यावर घेऊन उभे राहिलेल्या कुणाचेही ते म्हणणे असणार नाही. ओढ्याला जागा हवी हे आम्हांला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. पण जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील घरे ओढ्याच्या कामासाठी पाडावयास सुरुवात झाली, लोक रस्त्यावर आले आणि काम थांबले. आधी घर आणि मग हातोडा, असा क्रम असता तर ओढाही मोकळा झाला असता आणि माणसेही उघड्यावर पडली नसती.

एक परदेशी उदाहरण

ही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. सिंगापूरने १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत आपली घाण झालेली नदी स्वच्छ केली. त्या वेळी काठावरच्या झोपड्यांतील कुटुंबांना सरकारने बांधलेल्या घरांत हलवले, फेरीवाल्यांना बाजारपेठा बांधून दिल्या. पुढे तेथे आणखी एक पाऊल टाकले गेले. बिशान भागातील उद्यानाच्या कडेने जाणारा २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा सरळ कालवा फोडून त्याची सुमारे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची, मातीच्या काठाची नदी करण्यात आली. हे काम २०१२ साली पुरे झाले. एरवी मुले त्या काठावर खेळतात. जोराचा पाऊस आला की उद्यानाचा तोच भाग पाण्यासाठी मोकळा सोडतात. एकच जागा बागही आहे आणि पुराचे पात्रही. हिरवी जागा वाढवणे आणि जलमार्ग राखणे ही दोन कामे एकाच खर्चात कशी होतात, याचा हा उत्तम नमुना होय. ते राज्य लहान, श्रीमंत आणि शिस्तीचे आहे, हे खरे. तरी पद्धत घेण्यासारखी आहे.

आपल्याकडेही हालचाल आहे. जपानच्या आर्थिक साहाय्याने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची, दररोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेची योजना आखली गेली. मुळा, मुठा व मुळा-मुठा यांच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुधारणा प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. काठ बांधल्याने शहराला फिरावयास जागा मिळेल, असे एक मत. पात्र आवळले जाऊन पुराची पातळी वाढेल, असे दुसरे. या वादात उतरण्याइतका माझा अभ्यास नाही. पण ओढे घाण आणि अरुंद ठेवून नदी सुंदर होणार नाही, एवढे तर कुणालाही दिसेल.

समारोप

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी सूचना आहेत. आरमारासाठी लाकूड हवे, तरी रयतेने पोरांसारखी वाढवलेली आंब्याफणसाची झाडे तिला दुखवून तोडू नयेत. जीर्ण झालेले झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या या विचारात झाडाची काळजी आणि माणसाची काळजी एकाच ठिकाणी आहे. शहराला आज नेमके हेच हवे. टेकडी राखायची तर तिच्या मालकाला वेळेवर मोबदला, ओढा मोकळा करायचा तर काठच्या माणसाला आधी घर, आणि रेषा आखायची तर ती भिंतीलाही तीच आणि झोपडीलाही तीच.

कात्रजपासून मुठेपर्यंतची ओढ्याची हद्द एकदा दगड रोवून कायम करावी. ती मोजण्यास आपल्या महाविद्यालयातील भूगोल विभागाचे विद्यार्थीही हातभार लावू शकतील. टेप आणि नकाशा घेऊन चालावयास मी तयार आहे. सोबत कोण येते, ते पाहावयाचे.