जखम बोलते, बाई बोलत नाही

आरोग्य केंद्रात बाई येते. डोळ्याखाली काळंनिळं, हात सुजलेला. काय झालं विचारावं तर उत्तर ठरलेलं, ‘गोठ्यात पाय घसरला.’ सोबत नवरा नाहीतर सासू. बाईच्या आधी तेच बोलतात. मलमपट्टी होते, बाई घरी जाते, महिन्याभरानं पुन्हा येते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पण जाणत्या नर्सबाईंना जखम वाचता येते. घसरून पडलं तर बहुधा तळहात, गुडघा, कोपर खरचटतं. मार चुकवायला हात आडवा धरला तर वळ मनगट ते कोपर, बाहेरच्या बाजूला उठतात. कानाला, गळ्याला, पाठीला मार. एक डाग काळा नि दुसरा पिवळा पडलेला. गरोदर बाईच्या पोटावर इजा. दोन-चार दिवस दुखणं अंगावर काढून येणं, या साऱ्या खुणाच. कधी जखम दिसतच नाही. झोप नाही, डोकं दुखतं, तपासणीत मात्र काही सापडत नाही. ‘चुकून फवारणीचं औषध पोटात गेलं’ म्हटलं, तरी थांबून विचारावं. एका खुणेवरून निकाल देता येत नाही, पण विचारायला कारण मिळतं.

विचारायचं ते एकटीला. सोबतच्या माणसाला केसपेपर काढायला पाठवावं. ‘ताई, अशी जखम मारानंही होते. घरी कुणी हात उचलतं का?’ एवढं पुरे. नाही म्हणाली तर खोदू नये. ‘तुझं काय चुकलं?’ हे तर विचारूच नये. हो म्हणाली तर आज घरी जाण्यात धोका आहे का, ते विचारावं. तिचे शब्द आणि जखमेची जागा, मोजमाप केसपेपरवर लिहावं. उद्या कोर्टात तोच कागद तिच्या बाजूनं उभा राहतो.

दवाखान्यातून असं काम उभं राहू शकतं, हे मुंबईत दिसलं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं २००१ साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. तिथं मलमपट्टीबरोबर बाईचं ऐकून घेणारं माणूसही मिळतं.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २००६ पासून लागू आहे. त्याखाली बाईनं किंवा संरक्षण अधिकाऱ्यानं विनंती केली, तर दवाखान्यानं उपचार द्यायलाच हवेत. संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मग घरची मिळकत कितीही असो. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा फोन आहे.

सरपंच, पोलीसपाटील मंडळींना एकच सांगणं. दवाखान्यात बाई जे बोलली ते चावडीवर आणू नका. ‘घरचं भांडण’ म्हणून नवऱ्याला समोर बसवून समजूत घालायला गेलात, तर रात्री मार तिलाच पडतो. आधी तिला विचारा, ‘तुला काय हवंय?’ मग पुढचं पाऊल टाका.