विश्लेषण : ट्रम्प यांचे खाते बंद करणाऱ्या विजया गड्डे कोण? मस्क यांनी त्यांना पहिल्याच दिवशी का काढले?

इलॉन मस्क यांनी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर ताब्यात घेतले आणि त्याच दिवशी चार वरिष्ठांना घरचा रस्ता दाखवला. मुख्य कार्यकारी पराग अग्रवाल, वित्तप्रमुख नेड सेगल, वकील शॉन एजेट आणि कायदा व धोरण विभागाच्या प्रमुख विजया गड्डे. अग्रवाल हे आयआयटी मुंबईचे, त्यामुळे आपल्याकडे चर्चा त्यांचीच झाली. पण कोणी काय लिहिलेले ट्विटरवर राहील आणि काय जाईल, याचा शेवटचा शब्द बरीच वर्षे गड्डे यांचा होता.

टेक्सासमधले बालपण कसे होते?

गड्डे यांचा जन्म १९७४ मध्ये हैदराबादचा. त्या तीन वर्षांच्या असताना कुटुंब अमेरिकेत आले आणि टेक्सासमधल्या ब्युमाँट या तेलाच्या गावात स्थिरावले. वडील रासायनिक अभियंता. तेल उद्योगातली नोकरी गेल्यावर त्यांनी दारोदार फिरून विमा विकायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांना गावातल्या कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या म्होरक्याची परवानगी घ्यावी लागली होती, असे गड्डे यांनी पुढे सांगितले आहे. कायद्याने अशा परवानगीची गरज नव्हती, पण गावात हुकूम त्याचा चालत होता. वकिलीकडे वळण्याच्या कारणांत गड्डे या अनुभवाचाही उल्लेख करतात.

पुढे कुटुंब न्यूजर्सीला गेले. कॉर्नेल विद्यापीठातून औद्योगिक व कामगार संबंध या विषयात पदवी (१९९७) आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी (२०००) घेऊन त्या ‘विल्सन सोन्सिनी’ या सिलिकॉन व्हॅलीतल्या मोठ्या वकिली पेढीत लागल्या. तिथे सुमारे दहा वर्षे कंपन्यांचे करार आणि विलीनीकरणे केली, मग थोडा काळ जुनिपर नेटवर्क्समध्ये काम केले. २०११ मध्ये ट्विटर आणि २०१३ मध्ये तिथल्या मुख्य वकील. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

वकिलाकडे एवढी सत्ता कशी आली?

पेढीतला वकील सल्ला देतो, निर्णय अशिलाचा असतो. कंपनीतल्या वकिलाचेही बहुतेक ठिकाणी तसेच चालते. ट्विटरमध्ये मात्र गोष्ट वेगळी झाली, आणि त्याचे कारण अमेरिकी कायद्यात आहे. तिथली पहिली घटनादुरुस्ती अभिव्यक्तीला संरक्षण देते, ते सरकारपासून. खासगी कंपनीवर ते बंधन नाही. शिवाय १९९६ च्या कायद्यातील कलम २३० नुसार लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला सहसा जबाबदार धरता येत नाही आणि आक्षेपार्ह वाटलेला मजकूर काढण्याची मुभाही असते. म्हणजे काय ठेवायचे, काय काढायचे, हे कायदा सांगतच नाही. ती मोकळी जागा कंपनीने भरायची. ट्विटरमध्ये ती भरण्याचे काम गड्डे यांच्या विभागाकडे आले.

सुरुवातीला त्यांचा कल मोकळीक देण्याकडे होता. सरकार किती वेळा गुप्तपणे माहिती मागते, हे जाहीर करू द्या, म्हणून २०१४ मध्ये ट्विटरने थेट अमेरिकी सरकारवर दावा ठोकला. पण व्यासपीठावर, विशेषतः महिलांना होणारी शिवीगाळ आणि धमक्या वाढत गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये गड्डे यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहून कंपनीचे धोरण बदलत असल्याचे सांगितले. शिवीगाळीला मोकळे रान दिले, तर अनेकांचा आवाजच बंद होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. २०१९ मध्ये ट्विटरने राजकीय जाहिराती बंद केल्या, त्या निर्णयातही त्यांचा मोठा वाटा होता.

भारतातला पोस्टरचा वाद काय होता?

नोव्हेंबर २०१८ मध्ये तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्यासोबत गड्डे भारतात आल्या होत्या. काही महिलांशी झालेल्या बैठकीत एका दलित कार्यकर्तीने डॉर्सी यांना ब्राह्मणी पितृसत्तेविरोधातले पोस्टर भेट दिले. ते हातात धरलेले छायाचित्र बाहेर आले आणि गदारोळ उठला. गड्डे यांनी ट्वीट करून माफी मागितली, ती कंपनीची भूमिका नसल्याचे स्पष्ट केले. झाले उलटेच. पोस्टरवर चिडलेले शांत झाले नाहीत आणि बैठकीला आलेल्यांच्या बाजूचे लोकही दुखावले. माफीनामा घाईचा होता, हे मान्य करायला हवे.

लॅपटॉप प्रकरणात चूक झाली का?

झाली, आणि ती किरकोळ नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीला जेमतेम तीन आठवडे असताना, ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने जो बायडेन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपमधील मजकुरावर बातमी दिली. हॅक करून मिळवलेला मजकूर पसरवू नये, या नियमावर बोट ठेवून ट्विटरने ती बातमी रोखली. खासगी संदेशातही दुवा पाठवता येईना. एक-दोन दिवसांत गड्डे यांनी नियम बदलल्याचे जाहीर केले, पण वृत्तपत्राचे खाते महिनाअखेरपर्यंत अडकून राहिले. ते लगेच सुरू करायला हवे होते, अशी कबुली त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे दिली.

ट्रम्प यांच्याबाबत काय झाले?

६ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प समर्थकांनी संसद भवनावर हल्ला केला, तेव्हा डॉर्सी फ्रेंच पॉलिनेशियातल्या एका बेटावर होते. ट्रम्प यांचे खाते तात्पुरते गोठवत असल्याचे गड्डे यांनी त्यांना फोनवर कळवले. दोन दिवसांनी, आणखी हिंसेचा धोका असल्याचे कारण देऊन, ८.८ कोटींहून अधिक अनुयायी असलेले ते खाते कायमचे बंद झाले. टीका फक्त ट्रम्प समर्थकांकडून झाली नाही. ट्रम्प यांच्याशी फारसे सख्य नसलेल्या जर्मनीच्या अँगेला मर्केल यांनाही असा निर्णय कंपनीने घेणे अडचणीचे वाटले. डॉर्सी यांनी निर्णय योग्य ठरवला, पण धोकादायक पायंडा पडत असल्याचेही म्हटले.

मस्क यांच्याशी वितुष्ट कशामुळे?

एप्रिल २०२२ मध्ये खरेदीचा करार होताच मस्क यांनी लॅपटॉप प्रकरणावरून गड्डे यांच्यावर जाहीर टीका केली, त्यांचे चित्र असलेले मीमही टाकले. पाठोपाठ त्यांच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार सुरू झाला.

जुलैमध्ये मस्क व्यवहारातून मागे फिरले. घर घेताना इसार सोडून बाजूला होता येते, तसे १ अब्ज डॉलर देऊन मस्क सुटतील, असे अनेकांना वाटले. पण करारात आणखी एक कलम होते. पैसे देऊन सुटका नाही, ठरल्याप्रमाणे खरेदीच करा, असा आदेश ट्विटरला न्यायालयाकडे मागता येणार होता. त्याच आधारावर कंपनीने डेलावेअरच्या न्यायालयात दावा लावला. सुनावणी तोंडावर आल्यावर मस्क यांनी प्रति समभाग ५४.२० डॉलर या मूळ भावानेच कंपनी घेतली. भागधारकांना पूर्ण पैसे मिळाले. हा दावा चालवणाऱ्या कंपनीच्या कायदा विभागाच्या प्रमुख गड्डे होत्या, आणि मालक बदलताच पहिल्या बडतर्फीत त्यांचे नाव आले.

पुढे काय झाले?

गैरवर्तनाचे कारण दाखवून काढल्याने सेवासमाप्तीची भरपाई नाकारली गेली. मार्च २०२४ मध्ये चौघांनी मिळून १२.८ कोटी डॉलरचा दावा केला, त्यात गड्डे यांचे सुमारे २ कोटी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तडजोड झाली, रक्कम गुलदस्त्यात राहिली. माजी सहकारी महिलांसोबत २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘एंजल्स’ या गटातून गड्डे यांनी नवउद्योगांत गुंतवणूकही केली आहे.

ट्रम्प यांचे खाते मस्क यांनी नोव्हेंबर २०२२ मध्येच परत सुरू केले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या बंदीविरोधातला ट्रम्प यांचा दावा कंपनीने सुमारे १ कोटी डॉलर देऊन मिटवल्याचे वृत्त आले. भारतात गड्डे यांच्या काळात, जुलै २०२२ मध्ये, केंद्र सरकारच्या खाती व ट्वीट रोखण्याच्या आदेशांविरोधात ट्विटर कर्नाटक उच्च न्यायालयात गेले होते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळून ५० लाखांचा दंड लावला. दोन वर्षांनी मस्क यांची ‘एक्स’ मजकूर काढण्यासाठीच्या सरकारी ‘सहयोग’ पोर्टलविरोधात त्याच न्यायालयाच्या दारात उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये तीही याचिका फेटाळली गेली.