दोन गॅझेटियरांच्या शिवेवरचे इच्छापूर

बुऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरकडे जाणारा रस्ता महाराष्ट्रात शिरण्याआधी इच्छापुरातून जातो. टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ आहे. नवस बोलायला आणि फेडायला निमाडातून तशी खानदेशातूनही माणसे पायऱ्या चढतात, नवरात्रात तर रीघ लागते. इंदूरहून येणारा महामार्ग 'इंदूर-इच्छापूर' म्हणूनच ओळखला जातो. एवढ्या लांबलचक रस्त्याला या खेड्याचे नाव मिळाले, कारण मध्य प्रदेश इथे संपतो. पण अशा शिवेवरच्या गावाची ओळख एका जिल्ह्याच्या दप्तरातून होत नाही. शेजारचे दप्तरही उघडावे लागते.

याचे कारण इतिहासात आहे. फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर होती. 1601मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, तरी तापीचे खोरे एकच मुलूख राहिले. 1818मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, बुऱ्हाणपूर मात्र शिंद्यांकडे राहिले, ते 1860पर्यंत. पुढे 1864मध्ये बुऱ्हाणपुरासह निमाड मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे 1880मध्ये मुंबई इलाख्याचा खानदेश गॅझेटियर निघाला तेव्हा खानदेशची जुनी राजधानीच त्या जिल्ह्याबाहेर होती! हद्दीच्या अलीकडची पाने निमाडच्या पुस्तकात, रसेलच्या 1908च्या गॅझेटियरात. एकाच खोऱ्यातली माती, पीक आणि बोली अशी दोन इलाख्यांच्या दोन ग्रंथांत वाटली गेली. आजही केळीच्या बागा हद्दीच्या दोन्ही बाजूंना दिसतात. त्यांना ही वाटणी ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, गॅझेटियर म्हणजे साहेबाची सारावसुलीची वही. तिच्यात गावाचा जीव कुठे सापडायचा? आक्षेप खरा आहे, पण तेवढ्याने वही टाकाऊ ठरत नाही. आयर्लंडचे उदाहरण पाहा: तिथे सॅम्युएल लुईसने 1837मध्ये पॅरिशांचा, म्हणजे चर्चच्या हद्दीने ठरलेल्या गावगटांचा, वर्णक्रमाने कोश छापला. त्याची बरीच माहिती जमीनदार आणि पाद्र्यांकडून आलेली, म्हणजे वरून पाहिलेली. पण 1922च्या यादवीत डब्लिनचे अभिलेखागार जळाले आणि 1821 ते 1851च्या जनगणनेची बहुतेक मूळ पत्रके त्यात राख झाली. तेव्हापासून त्या खेड्यांविषयी बोलताना लुईसचे आकडे टाळता येत नाहीत. वरून पाहणाऱ्याने लिहून ठेवले तेवढेच कित्येक ठिकाणी उरले.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा: देऊळ आहे, लोकस्मृती आहे, मग कागद कशाला? एका मराठा सुभेदाराने नवस फळल्यावर हे देऊळ बांधले, असे इथे सांगतात. ही कथा देवळाचे कारण सांगते, काळ सांगत नाही. गॅझेटियरचे नेमके उलटे: तो सरकार कोणाचे, सारा किती, रस्ता कुठला हे सांगेल, पण माणूस पायऱ्या का चढतो यापाशी गप्प बसेल. दोन्ही साक्षीदार अपुरे आहेत, म्हणून दोघांचीही उलटतपासणी हवी. कथेला कागद विचारावा आणि कागदाला, तू कोणासाठी लिहिला गेलास, हे.

बुऱ्हाणपूर 2003मध्ये खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. या जिल्ह्याविषयी लिहिणाऱ्यांनी इच्छापूरच्या पानावर मुक्ताईनगरलाही जागा द्यावी.