कलेचा कोर्स सुरू करताय? आधी किट नको, चिंध्या घ्या!



"ताई, मला कापड रंगवायचा कोर्स करायचा आहे. सुरुवातीला किती रुपयांचं सामान घेऊ?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. कधी कापडाच्या जागी रेझिन असतं, कधी माती, कधी वारली पेंटिंग. व्हिडिओत मी दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं. इथे नीट सांगते, कारण याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर देऊन मी स्वतःचा खिसा रिकामा करून घेतलाय.

माझ्या ६० पिशव्यांची गोष्ट

वर्ध्यात माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी वाटलं, दुसऱ्यांचा माल किती दिवस विकायचा? काहीतरी स्वतःचं हवं. म्हणून नैसर्गिक रंगांचा आणि ठसे छपाईचा एक छोटा कोर्स लावला. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतच संपलेला. वर्गात सगळ्यात कच्ची मीच.

तरी पहिल्याच आठवड्यात मी ६,८०० रुपयांचं किट मागवलं. २४ लाकडी ठसे, रंगांचे डबे, ब्रश, सगळं. सामान आलं की आपण कलाकार झालो असं वाटतं ना, तसंच झालं. त्यातले आजवर वापरले फक्त पाच ठसे. बाकीचे कपाटात आहेत.

कोर्स निम्मा झाला नव्हता, तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाने लग्नाच्या हळदीसाठी ६० पिवळ्या कापडी पिशव्या मागितल्या. ९० रुपयांना एक. मी लगेच हो म्हटलं. पिवळा रंग म्हणजे हळद, स्वस्तात काम! तीन दिवस खपून पिशव्या रंगवल्या आणि दिल्या. पिवळ्याधमक दिसत होत्या.

आठवडाभरात फोन आला. "ताई, पिशव्यांचा रंग उडून राहिला न! अन् धुवायला घेतलं तर साबणानं लाल होऊन राहिलं." मांडवात दोन दिवस ऊन लागलं होतं. पिशव्यांच्या घड्या पिवळ्या आणि बाहेरची बाजू पांढुरकी झालेली.

मी ५,४०० रुपये परत केले. कोऱ्या पिशव्यांचे २,२८० रुपये, गॅस आणि मेहनत अंगावर पडली. पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. ते घर सहा वर्षांचं गिऱ्हाईक होतं. पुढचे आठ महिने तिथून कोणी एक वहीसुद्धा घ्यायला आलं नाही.

चूक कोर्सची नव्हती. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे आमच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं. माझ्या वहीत तसं लिहिलेलंसुद्धा होतं. पण मी स्वतः करून पाहिलं नव्हतं, म्हणून ते डोक्यात उतरलंच नाही.

सेवाग्रामचा शंभर रुपयांचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात हा धडा फार आधी गिरवला गेलाय. १९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्याआधी त्यांनी जमनालाल बजाज यांना कळवलं होतं की झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये. सामानही जवळपास मिळेल तेच, माती, बांबू, लाकूड. आज बापूकुटीत गेलात तर भिंतींकडे नीट पाहा. मीराबेन यांनी मातीतच झाडं आणि चरखा उठावात काढलेला आहे. वेगळं काही सामान नाही, जी माती भिंतीला तीच चित्राला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हाताने काम करता करता शिकायचं, हा तिचा पाया. याच नई तालीममध्ये १९४४ साली देवी प्रसाद कलाशिक्षक म्हणून आले. ते शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. १९६२ पर्यंत ते सेवाग्रामला होते. चित्र काढणारा हा माणूस इथे मातीकामात रमला आणि पुढे देशातल्या नावाजलेल्या पॉटरी कलाकारांमध्ये गणला गेला. शिकलेला माणूससुद्धा नव्या सामानापुढे पुन्हा नवशिका होतो. मग आपल्याला लाज कशाची?

यातून मी दोन गोष्टी उचलल्या. खर्चाची मर्यादा आधी ठरवायची आणि जवळ मिळेल त्या सामानावर आधी हात बसवायचा.

आता तुम्ही काय करायचं?

मी माझ्या कामाचं, म्हणजे कापड रंगवण्याचं उदाहरण देते. तुमची कला वेगळी असेल तर सामान बदला, पद्धत हीच ठेवा.

१. आधी चिंध्या जमवा. शिंप्याकडून पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे घ्या. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढा. खळ राहिली तर कुठलाच रंग नीट बसत नाही.

२. तीन रंग, चार पद्धती. रंगासाठी डाळिंबाची साल, झेंडू आणि हळद. प्रत्येक रंगात चार तुकडे बुडवायचे. पहिला नुसता. दुसरा तुरटीच्या पाण्यातून काढलेला. तिसरा आधी हिरड्यात, मग तुरटीत. चौथा आधी हिरड्यात, मग लोखंडाच्या पाण्यात. झाले १२ तुकडे.

अंदाज असा धरा: १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरडा पूड, १५ ग्रॅम तुरटी आणि कापडाच्या वजनाइतकी वाळलेली साल किंवा फुलं. लोखंडाचं पाणी म्हणजे जुने खिळे, गूळ आणि पाणी दोन आठवडे झाकून ठेवायचं. ते थोडंच वापरा, जास्त झालं तर कापड कमजोर होतं. भांडी स्टीलची घ्या आणि ती पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

३. प्रत्येक तुकड्याच्या तीन पट्ट्या करा. एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून सात दिवस गच्चीवर ठेवा. आपल्या वर्ध्याचं ऊन फुकटचा परीक्षक आहे! दुसरी पाच वेळा साबणाने धुवा. तिसरी तशीच वहीत चिकटवा. शेवटी तिन्ही शेजारी ठेवून पाहा. ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग घासूनही बघा, फडक्याला किती लागतो ते कळेल.

मी हे केलं तेव्हा हळदीची उन्हातली पट्टी पाहून पोटात गोळा आला. झाकलेली बाजू पिवळी, उघडी बाजू जवळपास पांढरी. हिरडा आणि तुरटीवरची डाळिंबाची साल मात्र छान टिकली. लोखंडाच्या पाण्याने त्याच सालीचा काळपट राखाडी झाला. म्हणजे एका सालीत दोन रंग मिळाले. ही माहिती मला कुठल्याच किटमध्ये मिळाली नसती.

४. वही लिहा. तारीख, कापडाचं वजन, कशात किती वेळ ठेवलं, निकाल काय. फसलेला तुकडासुद्धा चिकटवा. गिऱ्हाइकाने तोच रंग पुन्हा मागितला तर ही वहीच कामाला येते.

५. मेहनत आणि खराब माल हिशेबात धरा. बीबीएला कॉस्टिंग शिकले, पण स्वतःच्या पिशवीला लावलंच नव्हतं. आता पाहा: कोरी पिशवी ३८, रंग ९, गॅस ६, माझा अर्धा तास ३०. झाले ८३. दहा पिशव्यांतली एक खराब निघते, म्हणजे ८३० रुपये नऊ पिशव्यांतून काढायचे. एक पिशवी पडली ९२ रुपयांना. आणि मी विकली होती ९० ला! म्हणजे रंग टिकला असता तरी मी तोट्यातच होते.

कोर्स निवडताना हे विचारा

- सामान वर्गात मिळतं की आपण आणायचं?
- एकच वस्तू किती वेळा करून बघायला मिळेल?
- फसलेलं काम दुरुस्त करायला शिकवतात का?
- कोर्स संपल्यावर शंका विचारता येतात का?

वर्ध्यात असाल तर आधी मगनवाडीत चक्कर मारा. तिथलं मगन संग्रहालय गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ ला खुलं केलं. खादी आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू तिथे जवळून पाहता येतात. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही मगनवाडीतच आहे आणि तिथे ग्रामोद्योगांची प्रशिक्षणं होतात. सध्या कुठलं सुरू आहे, फी किती, हे स्वतः जाऊन विचारा. फॉर्म भरायची घाई नको, आधी डोळे भरून बघून या.

आणि त्या गिऱ्हाइकाचं काय झालं?

आठ महिन्यांनी मी स्वतःच त्यांच्याकडे गेले. डाळिंबाच्या रंगाची एक पिशवी आणि सोबत माझी वही घेऊन. उन्हातली पट्टी, धुतलेली पट्टी, सगळं दाखवलं. काकू म्हणाल्या, "आधी काहून नाही दाखवलं हे?" खरं सांगू, माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण दिवाळीला त्यांनी २० पिशव्या घेतल्या. ११५ रुपयांना एक.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ: ५०० रुपयांच्या आत तुमच्या कलेचे १२ नमुने करा आणि उन्हात ठेवा. सात दिवसांनी काय दिसलं ते मला नक्की कळवा. आणि तोवर एकही ऑर्डर घ्यायची नाही, कबूल?