कापसाच्या मैदानावरील दगडी वर्तुळ

१८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि येथील व्यापार थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. त्याच दशकात मुंबईच्या कोटात, जेथे एकेकाळी निर्यातीच्या कापसाचे ढीग पडत, त्या मैदानाभोवती दगडी इमारतींचे वर्तुळ आकार घेत होते. ते एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजेच आजचे हॉर्निमन सर्कल.

कापसाचा बाजार १८४४ मध्ये कुलाब्यास हलल्यावर हे मैदान ओस पडले होते. पुढे पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी योजना मांडली. जागेचे भूखंड पाडून ते विकण्यात आले, आणि या व्यवहारात चांगला नफाही झाला! इमारतींचे मालक निराळे, दर्शनी रूप मात्र एकच. कमानी, खिडक्या, मजल्यांच्या रेषा साऱ्या जुळत्या. तळमजल्यावर कमानींची सलग ओवरी असल्याने पादचारी उन्हापावसातही निर्धास्त चालतो. १८७२ च्या सुमारास काम पूर्ण झाले. इंग्लंडमध्ये बाथ येथील अशा प्रसिद्ध अर्धवर्तुळात राहती घरे होती. मुंबईत तेथे बँका आणि पेढ्या आल्या.

नागपूरच्या इतवारीतही घराला घर लागून आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. मात्र तेथे प्रत्येकाने दर्शनी भाग आपापल्या मर्जीने बांधला. मुंबईतील मालकांना ती मोकळीक नव्हती. त्यातील एकानेही आपली कमान बुजवली असती, तर साऱ्यांचीच ओवरी तेथे तुटली असती.